यादीतला दामियान

मंगळवारी सकाळी चर्चची ती मुलगी नावं लिहून घ्यायला आली आणि मी तिचं मनगट धरलं. का धरलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. नोव्हेंबर तोंडावर आला की ह्या मुली इमारतीतल्या एकेका मजल्यावर फिरतात, दारात चपला काढतात, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसतात आणि घरातल्या मेलेल्यांची नावं विचारतात. महिनाभर चर्चच्या मोठ्या प्रार्थनेत, मिस्सेत, ती वाचली जातात. मी वडिलांचं सांगितलं, आईचं सांगितलं, एका आत्याचं सांगितलं. तिनं छान गोल अक्षरात लिहिलं. मग पेन वर धरून, हसून म्हणाली, "अजून कोणी, आजी?" पेन हवेत तसंच. "आठवून बघा हं, घाई नाही." आणि माझा हात गेला. कागदावर एक निळी रेघ तिरकी ओढली गेली. "आजी, दुखतंय," ती म्हणाली. मी सोडलं. माझी बोटं म्हातारी असली तरी मातीत वळलेली आहेत, दुखलं असणार. तिला मी टोमॅटोसारखी दिसणारी दोन गोड काकी फळं दिली, माफी मागितली, ती पुन्हा हसली आणि गेली. दार लावून मी कान देऊन उभी राहिले. लिफ्ट सरळ खाली जाते की मध्ये कुठे थांबते ते ऐकत होते. सहाव्या मजल्यावर थांबली. तिथे कोण राहतं, ती तिथे काय सांगेल, ह्याचा विचार करत मी थंड फरशीवर कितीतरी वेळ अनवाणी उभी होते. इतक्या वर्षांत काही बदललं नाही माझ्यात. कोणी गोड हसून घरातल्या माणसांची नावं विचारली की माझे कान दाराकडे लागतात.

सुत्गोलमध्ये, आमच्या डोंगरातल्या गावात, ते सगळ्यांचेच लागायचे. आम्ही मडकी घडवणारे. आमचे पणजे-खापरपणजे ख्रिस्ती झाल्याबद्दल राजा मारत होता तेव्हा जीव वाचवत डोंगरात शिरले आणि मातीचे रांजण करायला लागले, कारण रांजण पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुठून आलास, कुठे चाललास, असं कोणी विचारत नाही. तरी त्यांना पकडलंच. पकडून देणारा कापड विकायला येणारा एक माणूस होता. त्याला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, क्रूसाची खूण करताना त्याचे डोळे भरून यायचे, आणि एका वर्षात त्यानं गावातली सगळी नावं पाठ केली. अकरा माणसं नेली. त्यामुळे प्रार्थना येते म्हणून कोणी आपलं होत नाही, हे सुत्गोलच्या पोराला दूध पितानाच कळायचं. परक्यानं विचारलं घरात किती माणसं, तर आकडा सांगायचा नाही. बाबा कुठे, तर भट्टीवर. बाबा मरून दहा वर्षं झाली असली तरी भट्टीवर.

अशा गावात रुगाल्दाताई राहायला आली. एकोणीसशे अडुसष्टचा वसंत होता. ती बेल्जियमची, चाळिशीची, नन नव्हे, बायकोही नव्हे कोणाची, पगारही नाही. फक्त सेवेला आलेली. ही तिसरी गोष्टच आमच्या बायकांच्या डोक्यात शिरत नव्हती. विहिरीवर बोलणं चालायचं. "नन नाही, तर मग कोण?" "मोठ्या चर्चच्या फादरनं पाठवलीय ना?" "फादरनं पाठवली. फादरकडे कोणी पाठवली?" ह्यावर सगळ्या घागरी उचलून निघायच्या. सुत्गोलला फादर वर्षातून दोनदा येत, एरवी आमचं छोटं प्रार्थनाघर फाबियानोकाका सांभाळायचे. त्या प्रार्थनाघराला लागून आमचं घर, आणि आमच्याच घराची पलीकडची खोली रिकामी. ती का रिकामी, हे सगळ्या गावाला माहीत. माझा भाऊ इन्सॉप, बाप्तिस्म्याचं नाव दामियान, त्या खोलीत झोपायचा. पन्नास सालच्या उन्हाळ्यात उत्तरेचं कम्युनिस्ट सैन्य आलं, जाताना पोरं घेऊन गेलं. तो एकोणीस वर्षांचा होता, मी तेरा. आम्ही सांगायचो, त्याला ओढून नेला. पोलिसांच्या कागदावर होतं, स्वतः गेला. ह्या दोन वाक्यांच्या फटीत आम्ही मायलेकी अठरा वर्षं राहत होतो. माझी तीन स्थळं त्या फटीत पडून गेली. ठाण्यावरचा मा नावाचा साध्या कपड्यातला शिपाई महिन्यातून एकदा येऊन ओट्यावर बसायचा, आईनं दिलेलं बार्लीचं पाणी प्यायचा आणि विचारायचा, "मावशी, पत्रबित्र? निरोप? कोणी ओळखीचं भेटलं?" आई म्हणायची, "भेटला तर तुम्हालाच आधी भेटेल की हो तो." मा हसायचा. तो गेल्यावर आई त्याचं भांडं दोनदा घासायची.

खोली रुगाल्दाताईला देताना आईनं एकच अट घातली. भिंतीवरच्या खुंटीला दामियानचा सदरा होता, तो काढायचा नाही. रुगाल्दाताईनं विचारलं नाही कोणाचा. तिनं विचारलं नाही, हेच मला पहिल्यांदा खटकलं. माणूस विचारतो. न विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं.

तिचे दिवस मी पाठ केले. कोणी सांगितलं नव्हतं, पण स्वयंपाक मी करायचे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोण किती वाजता उठतं, किती खातं, ताटात काय टाकतं, सगळं कळतं. ती उजाडण्याआधी उठायची. गुडघ्यावर बसून प्रार्थना करायची, त्याचा आवाज यायचा नाही, फक्त ओट्याची फळी करकरायची. मग अंगण झाडायची, आमचंही. भाताच्या तळाची करपलेली खरवड तिला आवडायची, ती पाण्यात उकळून दिली की डोळे मिटून प्यायची. तिखट आंबवलेल्या कोबीच्या किमचीनं तिचा चेहरा लाल व्हायचा तरी दुसऱ्यांदा मागायची. ही मला खुशामत वाटायची. मग पाठीला पिशवी. पिशवीत क्षयाच्या गोळ्या, जंताचं औषध, दुधाची पावडर, चिकटपट्ट्या, मुलांना दाखवायची येशूची चित्रं. डोंगरातल्या चार वाड्या, त्या प्रत्येकीत एक प्रार्थनाघर, सोमवारी एक, मंगळवारी दुसरी. रबरी बूट घालून ती चढ चढायची आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून बोलायची. खोकला कसा आहे? थुंकीत रक्त दिसलं? घरात अजून कोणी खोकतं? किती माणसं झोपता एका खोलीत? दुपारी कोणाचं गळू फोडलं, कोणाच्या पोराला धर्मशिक्षण दिलं, कोणा म्हातारीचं डोकं धुतलं. चारच्या सुमाराला परत. पाय धुवायची, आणि मग सूर्य भट्टीमागे जाईपर्यंत ओट्यावर बसून एका जाड वहीत निळ्या पेनानं लिहीत राहायची. हात थांबायचा नाही. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, आमचंही नाही नि तिचंही नाही. मी भाजी निवडत समोर बसायचे आणि त्या निळ्या रेघांकडे बघायचे. एका वाडीत एका दिवसात एवढं काय घडतं? "काय लिहिता, ताई?" मी एकदा विचारलं. "माणसं," ती म्हणाली. "विसरू नये म्हणून." तिच्या बोलण्यात आमच्या डोंगरातला हेल आला होता, तोही मला आवडला नाही. त्या कापडवाल्यालाही आला होता म्हणतात.

आई मात्र तिच्यावर भाळली. भाळली म्हणजे कशी, तर ताईचे पाय फुटले की आईनं तिळाचं तेल कोमट करून द्यावं. रोज संध्याकाळी आई दामियानच्या भाताचा झाकणाचा पितळी वाडगा भरायची आणि आमच्या खोलीच्या ऊबदार कोपऱ्यात, जिथे चुलीची धग जमिनीखालून यायची, गोधडीखाली ठेवायची. अठरा वर्षं. थंड झाला की सकाळी आम्हीच खायचो. ताईनं तो बघितला. मी घाईनं म्हटलं, "पाहुण्यासाठी असतो. कोणी अवचित आलं तर." ती आईकडे बघत होती, माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या ताटातल्या अंड्याचा अर्धा तुकडा काढून त्या वाडग्यात ठेवायला सुरुवात केली. काही न बोलता. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, बघ, तुझ्यापेक्षा हिला कळतं. मला मात्र वाटलं, आता हिला घरात किती माणसं ते नक्की कळलं.

मग तो पावसाळ्याच्या अखेरचा दिवस. मी मिठासाठी बाजारगावात गेले होते आणि ठाण्याच्या दारातून रुगाल्दाताई बाहेर येताना बघितली. मा तिच्या डोक्यावर छत्री धरून होता. तो काहीतरी बोलला, ती मोठ्यानं हसली. तिचं हसणं घोड्यासारखं, लांबून ओळखू यायचं. मी मिठाच्या दुकानात मागे सरले. ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "आज कुठे?" "ठाण्यावर. परदेशी माणसाला दर महिन्याला शिक्का घ्यावा लागतो." एवढं सरळ. लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मा आमच्याकडे आला की मी त्याच्या प्रश्नांत तिची अक्षरं शोधायला लागले. "मावशी, तुमच्या पायाचं कसं आहे?" आईच्या पायाचं ह्याला कोणी सांगितलं? "यंदा मिरची चांगली दिसते." कोणी सांगितलं? आवारात मिरच्या वाळत होत्या, त्याच्या पायाशीच, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी चटईवर बसून त्याच वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होतो. ऊन पाठीवर होतं. आई डोंगरात एकोर्न, ओकच्या झाडाच्या बिया, वेचायला गेली होती. ताईचे डोळे तिखटानं वाहत होते आणि ती हातानं पुसून ते आणखी वाढवत होती. मी म्हटलं, "हातानं नका पुसू, किती वेळा सांगायचं? बाहीनं पुसा." ती म्हणाली, "बार्बारा, तू माझ्यावर कायम रागावलेली असतेस." मी म्हटलं, "मी सगळ्यांवरच असते." ती हसली. आणि त्या हसण्यावर माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. ठरवून की न ठरवता? मी ते आठवडाभर मनात घोळवत होते, म्हणजे ठरवूनच. "ताई, एक सांगते. जपानहून पत्र आलंय. ओसाकातल्या नातेवाईकाकडून, हातोहात; तिकडे उत्तरेची खबर कळते. माझा भाऊ गेला. चार वर्षं झाली." तिचे हात थांबले. "आईला सांगू नका. कोणालाच नको. हे फक्त मला माहीत आणि आता तुम्हाला." तिनं माझा हात धरला. मिरचीनं दोघींचे हात पेटले होते. ती रडली. तिखटानं की खरं, हे मला कळलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, जसं भट्टीच्या भोकातून आत बघतात, रंग बदलतो का ते. पत्र नव्हतंच. आता जर मा येऊन जपानच्या पत्राबद्दल बोलला, तर ते एकाच तोंडातून गेलेलं असेल. तो माझा सापळा होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. भावाला मी त्या चटईवर एका वाक्यात मारलं, हे माझ्या मनातही आलं नाही. माझं सगळं लक्ष सापळ्याकडे.

दिवस मोजले. अकराव्या दिवशी मा आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. "मावशी, काही निरोप?" "नाही हो." "पत्रबित्र?" मी दारामागे सरकून कान दिला. पण हे तर तो नेहमीच विचारायचा. त्याच सुरात विचारलं का? आज 'पत्र' आधी आलं की 'निरोप'? तो जाताना माझ्याकडे बघून हसला का? रात्र-दिवस हेच. तो काहीच बोलला नाही जपानबद्दल, आणि खरं सांगते, मी खट्टू झाले. सापळा रिकामा निघाला म्हणून. मग वाटलं, ते मुद्दाम थांबलेत. मोठं काही करतील. ताई रोजच्यासारखी वहीत लिहीत होती. पण माझ्याशी तिचा आवाज मऊ झाला होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. माझ्या आधी उठून ती पाणी भरून ठेवायची. आईच्या वाडग्यात ती अंड्याचा तुकडा ठेवायची तेव्हा तिचा हात आता थांबायचा, क्षणभर. आईनं ते बघितलं होतं का? मला वाटतं, बघितलं होतं.

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. सकाळी प्रार्थनाघरात फाबियानोकाकांनी यादी वाचली. आई गुडघ्याच्या दुखण्यानं घरीच होती. सोयाबीन उकडायला ठेवले होते म्हणून मीही अर्ध्यातून उठून आले. पुढचं मला नंतर जुळवावं लागलं. ताईनं काकांना आपल्याकडून एक नाव दिलं होतं. नुसतं 'दामियान'. आडनाव नाही, घर नाही. तिला वाटलं, मेलेल्या माणसाला प्रार्थना नाकारणं हे पाप. आणि नुसत्या नावानं गुपित राहील. तिच्या गावात चर्चमध्ये नाव घेतलं की झालं, लोक घरी जाऊन बटाटे सोलतात. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे यादीत नवं नाव आलं म्हणजे नवं मरण, आणि नव्या मरणाच्या घरी त्याच दिवशी सगळं गाव जातं, पांढरे कपडे घालून, मृतांचं गाणं गायला. ते टाळणं म्हणजे त्या घराला वाळीत टाकणं. सहा महिने राहूनही तिनं नवं मरण एकदाही बघितलं नव्हतं. त्या वर्षी सुत्गोलमध्ये कोणी मेलंच नव्हतं. तिच्याच गोळ्यांमुळे, असं काका नंतर म्हणाले. आणि सुत्गोलमध्ये दामियान एकच होता.

दुपारचे दोन वाजले असतील. आई आवारात उकडलेले सोयाबीन उखळात कुटत होती. फाटक उघडलं आणि पंधरा-वीस माणसं आत आली, पांढरी, कोणी बोलत नव्हतं. पुढे काका, हातात गाण्याचं पुस्तक. शेवटी ताई, तिलाही कोणीतरी पांढरा कपडा गुंडाळला होता. कुठे आणि का नेतायत, हे तिला फाटक ओलांडेपर्यंत कळलं नव्हतं. तिचा चेहरा मी बघितला. आईनं मुसळ टेकवलं. "काय हो, कोण गेलं? आम्हाला कसं कळलं नाही?" ती पदराला हात पुसत म्हणाली, "थांबा, मी पण कपडे बदलून येते."

"वहिनी," काका म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडलं. "वहिनी, बसा तुम्ही." त्यांनी सुरुवात केली. गाणाऱ्यांच्या दोन ओळी आपोआप झाल्या, एक अंगणाच्या ह्या बाजूला, एक त्या. एका ओळीनं संतांचं नाव घ्यायचं, दुसरीनं म्हणायचं, त्याच्यासाठी विनंती करा. हुंदक्याच्या आणि ओझं वाहणाऱ्यांच्या गाण्याच्या मधला तो सूर, तो एकदा सुरू झाला की मध्ये तोडत नाहीत. कोणीच तोडला नाही. मीही नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते, 'थांबा, खोटं आहे' एवढे तीन शब्द तोंडात घेऊन, आणि माझ्यासमोर वीस तोंडं होती आणि त्यातलं कुठलं तोंड माच्या कानाशी जातं, मला माहीत नव्हतं. खोटं आहे म्हटलं, तर विचारतील, कुठून आलं खोटं? मग जपान आलं. जपानहून पत्र, उत्तरेला गेलेल्या माणसाबद्दल. त्या साली एवढ्यावर नेलेला माणूस ठाण्यावरून परत येत नसे. मी गप्प राहिले. मग सूर तिसऱ्यांदा फिरला आणि त्यांनी नाव घेतलं, तुझा सेवक दामियान, आणि आईनं ऐकलं. ती पडली नाही. ओरडली नाही. ती उखळाच्या कडेला बसली, आणि पुढच्या ओळीला, बरोबर जागेवर, तिचा आवाज त्यांच्यात मिसळला. त्याच्यासाठी विनंती करा. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या घरी गात आली होती, तिचा ताल चुकला नाही.

संपल्यावर तिनं विचारलं, "कोणी सांगितलं?" काकांनी ताईकडे बघितलं. "ह्यांच्या यादीत नाव होतं." सगळ्यांनी ताईकडे बघितलं आणि ताईनं माझ्याकडे. फार तर एवढाच वेळ, पापणी लवते तेवढा. माझ्या चेहऱ्यावर तिनं काय वाचलं कोण जाणे. ती पुढे आली आणि आईसमोर गुडघ्यावर बसली. "माझी चूक, काकू. ज्यांचा इतकी वर्षं पत्ता नाही, त्यांना आमच्याकडे मेलेलं धरतात. मी आपल्या मनानं नाव घातलं. मला कोणी सांगितलं नाही."

"तुमच्याकडे!" मागून एक बाई ओरडली. "तुमच्याकडे जित्या माणसाला पुरतात काय?" दुसरी म्हणाली, "औषध देते म्हणून डोक्यावर बसवली, आता बघा." काकांनी पुस्तक मिटलं. "बाई, तुम्ही एका आईला..." ताईनं मान खाली घातली होती. मी बघत होते. मला कृतज्ञता वाटायला हवी होती. पण मनात आलं ते हे: किती सहज खोटं बोलली. विचार करायला वेळ घेतला नाही. जी बाई आपल्यासाठी इतकं गुळगुळीत खोटं बोलते, ती अजून कोणाकोणासाठी बोलत असेल?

"बसा सगळे," आई उठून म्हणाली. "गायलात, आता न जेवता कसे जाल? बार्बारा, भात टाक." आणि मी भात टाकला. मरणाच्या घरचं जेवण वीस माणसं खाली मान घालून जेवली. त्या संध्याकाळी आईनं पितळी वाडगा भरला नाही. घासून, उलटा करून, वरच्या फळीवर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी मा आला, ह्या वेळी ओट्यावर न बसता. ताईला समोर उभं केलं. "ह्या गावातून सात जण बेपत्ता आहेत, बाई. यादीत एकच कसा?" "मी त्याच्या खोलीत राहते," ती म्हणाली. "त्याचा सदरा रोज बघते. दुसऱ्यांचे बघत नाही." त्या शिपायानं वही मागितली. तिनं दिली. त्याला ती वाचता येत नव्हती, माझ्याइतकीच. मग तो आईकडे वळला. "मावशी, खरं सांगा. बाहेरून पत्र आलंय का? जपानकडून?" जपान. त्यानं जपान म्हटलं. आजवर कधी म्हटलं नव्हतं, की म्हटलं होतं? त्या वर्षी सगळ्या पोलिसांच्या तोंडी जपान होतंच, ज्याचे नातेवाईक ओसाकात त्या प्रत्येकाला ते विचारत होते, हे मला पुढे कितीजणांनी सांगितलं. असेल. मी ते अजून तोलते आहे. ताईचा चेहरा जपान ऐकून हलला नाही. न हलणं हे ओळख असल्याचं लक्षण की नसल्याचं? "आम्हाला कोण लिहिणार," आई म्हणाली, "आणि वाचणार कोण?" पण हे बोलताना ती माच्याकडे बघत नव्हती. ती सावकाश माझ्याकडे वळली होती.

ताईचा शिक्का त्या महिन्यात मिळाला नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला जावं लागलं. औषधाची पिशवी तिनं काकांना दिली, आणि आठ दिवस बसून त्यांच्याकडून घोकून घेतलं, कोणाला कुठली गोळी, किती महिने राहिले, कोण घेतो म्हणून सांगतो आणि कुंपणात थुंकतो. वहीत तेच होतं. निदान काकांना दाखवलेल्या पानांवर तेच होतं. जायच्या सकाळी ती सदऱ्याला हात लावून बाहेर आली. फाटकापाशी मी तिची पिशवी धरली होती. "बार्बारा, एक विचारू?" ती हळू म्हणाली. "पत्र खरंच आलं होतं ना?" तिच्या डोळ्यांत शंका होती. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा तिथे माझंच काहीतरी ओळखीचं बघितलं. आता सांगायला कसली भीती होती? ती जात होती. समुद्रापलीकडे. मी म्हटलं, "हो." तिनं मान हलवली. "मग मी त्याच्यासाठी रोज म्हणेन," ती म्हणाली, आणि चढ उतरून गेली. म्हणत असेल, तर मरेपर्यंत म्हणाली असेल.

त्याच दुपारी मी आईला सगळं सांगितलं. मिरच्या, सापळा, सगळं. "पत्र नाही, आई. कधीच नव्हतं. मी बनवून सांगितलं. दामियानचं काहीच कळलेलं नाही, तो असेल, कुठेतरी असेल." मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरी," ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून किती बोलशील? ती परकी बाई माझ्यासाठी खोटं बोलली, आता तू बोलतेस. चार वर्षं झाली ना त्याला? थंडीत गेला की उन्हाळ्यात, एवढं तरी सांग." चार वर्षं. ते मी फक्त ताईला सांगितलं होतं. "तुला कोणी सांगितलं चार?" मी किंचाळले. आईनं चूल फुंकायला घेतली. ताईनं सांगितलं होतं? कधी? जाण्याआधी? की आई त्या दिवशी एकोर्न घेऊन लवकर परतली होती आणि फाटकामागे उभी होती? मी शपथा घेतल्या. क्रूसावर हात ठेवला. ती म्हणायची, "बरं बरं." जसं आजाऱ्याशी बोलतात.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली आणि ती अकरा वर्षं पत्र शोधत होती. माझ्यासमोर नाही. मी भट्टीवरून परत यायचे तेव्हा तांदळाच्या रांजणातला तांदूळ एका बाजूला कललेला असायचा. माझ्या गाठोड्याची गाठ वेगळी बांधलेली असायची. उशीची शिवण उसवून पुन्हा घातलेली, तिच्या मोठ्या मोठ्या टाक्यांनी. वाचायला येत नव्हतं तरी तिला ते हवं होतं. हातात धरायला असेल. मग ती जमिनीपर्यंत पोचली. खोलीच्या मातीवर चिकटवलेला तो जुना तेल पाजलेला कागद, त्याचा एखादा कोपरा उचकटलेला दिसायचा, आज खिडकीखाली, महिन्यानं कपाटामागे. ती कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली, नखांत माती. मी पिठाची खळ शिजवायचे, कागद परत चिकटवायचे, वर गुडघा दाबून धरायचे. कितव्या वेळी ते आठवत नाही. हिवाळा होता, आई प्रार्थनाघरात गेली होती. त्या दिवशी तिनं बराच मोठा भाग उचलला होता, भिंतीपर्यंत. मी खळ घेऊन बसले, बोट बुडवलं, कडेला लावलं. मग कागद खाली दाबण्याआधी मी हात आत घातला. खालची माती कोमट होती. मी कोपरापर्यंत हात घातला, गाल जमिनीला टेकवला आणि भिंतीच्या कडेकडेनं, पत्राची घडी लागते का ते, चाचपत राहिले.